समुद्राला शनिवार नसतो

मुंबईकराला समुद्र असतो, पण तो बहुधा कठड्यापलीकडचा असतो. चौपाटीवर भेळ खाताना तो समोर असतो, लोकलच्या दारातून पाहुण्यांना दाखवायला तो असतो, आणि आषाढात त्याच्या लाटा रस्त्यावर आल्या म्हणजे छत्र्या उलट्या करून घ्यायला आपणच त्याच्यापाशी जातो. परंतु जन्मभर शेजारी राहूनही त्याच्या घरी एकदाही न गेलेली माणसे या शहरात लाखांनी सापडतील. वयाची चाळिशी उलटून चार वर्षे होईपर्यंत मीही त्यांच्यापैकीच एक होतो.

गेली दोन वर्षे मात्र आमच्या घराला एक छंद जडला आहे. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एका शनिवारी आम्ही चौघे, म्हणजे मी, आमची सौभाग्यवती, दहा वर्षांचे चिरंजीव आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे अण्णा, पिशव्या खांद्याला अडकवून 'पलीकडे' जातो. पलीकडे म्हणजे मुंबई बंदराच्या त्या बाजूला. मांडवा, किहीम, थळ, अलिबाग, रेवस. शनिवारी सकाळची बोट, रविवारी संध्याकाळची परतीची. सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात उभा असतो, तेव्हा माझ्या चपलांत अजून वाळू असते आणि मुलांना वाटते, सर आज बरेच प्रसन्न दिसतात.

हा छंद लागायला इतका उशीर का झाला, याचे उत्तर १७ जुलै १९४७ या तारखेत आहे. त्या दिवशी सकाळी 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा अनर्थ झाला आणि दुपार उलटेपर्यंत मुंबईला त्याची वार्ता नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि होड्यांत माणसे ओढून घेतली, असे त्या भागात आजही सांगतात. त्या वाचलेल्यांत माझ्या आजीचा धाकटा भाऊ नव्हता. तो गिरणीत कामाला होता आणि गावी चालला होता.

आजीचे माहेर रेवसपासून चार मैलांवर. पण त्या दिवसानंतर तिने बोटीत पाऊल टाकले नाही आणि पोटच्या पोरांनाही टाकू दिले नाही. माहेरी जायचे तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा सगळा वेढा घालून ती एसटीने जायची. मांडीवर पिशवी, हातात लिंबू आणि डोळे मिटलेले. समुद्रावरून तासाभराची वाट. तिने ती शंभर किलोमीटरांहून लांब केली आणि पन्नासहून अधिक वर्षे तशीच ठेवली. त्या बोटीविषयी ती कधी बोलत नसे. लहानपणी मी फार खोदून विचारले तर एवढेच म्हणे, "आवस होती रे." मला वाटे, अमावास्या अशुभ मानणाऱ्या पिढीचे हे बोलणे. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, लोकसमजुतींवर चार व्याख्याने दिली, आणि एका व्याख्यानात आजीच्या या वाक्याचा दाखलाही दिला. त्या दाखल्याची मला आज लाज वाटते. ती का, हे पुढे येईलच.

आजी गेल्यावरही आमच्या घरातला हा अलिखित कायदा वीस वर्षे टिकला. तो मोडला चिरंजीवांनी. त्याने एकदा जेवताना सरळ विचारले, "आपण गावाला बोटीने का नाही जात?" मी घास गिळण्याच्या निमित्ताने थांबलो. अण्णा ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "जाऊ या की."

पहिला प्रवास गेट-वे ऑफ इंडियावरून मांडव्याला. १९२४ साली खुल्या झालेल्या त्या कमानीखाली फोटो काढून घेणारे हजार, आणि तिच्यामागच्या पायऱ्या उतरून खरोखर पाण्यावर जाणारे त्या मानाने थोडे. त्या थोड्यांत आपण आहोत या जाणिवेने माझी छाती उगाचच फुगली होती. पायरीवरून बोटीत जाताना मध्ये वीतभर पाणी हलत असते. खलाशी हात पुढे करतो. तो हात धरायचा आणि विचार करायचा नाही, हे सागरी प्रवासाचे पहिले सूत्र. अण्णांनी हात धरला, पण क्षणभर थांबले. मागच्या माणसाने "चला काका" म्हटले, आणि सत्तर वर्षांहून जुना कायदा दोन शब्दांत मोडला.

हिवाळ्यात या बोटींच्या मागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. प्रवासी गाठ्या-वेफर उधळतात आणि पक्षी ते हवेतल्या हवेत टिपतात. सारी बोट त्या खेळात रंगली होती. अण्णा मात्र जाकीट घट्ट बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे पाहत बसले होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसे गेली, तेव्हापासून ही जाकिटे अंगावर चढवण्याविषयी खलाशी बजावून सांगू लागले. तरीही पुष्कळ शहाणे ती उशाला घेतात. तासाभरात मांडव्याचा धक्का आला. अण्णा उतरले, मागे वळून मुंबईकडे पाहिले, आणि काहीच बोलले नाहीत.

अलिबागला आम्ही गेलो ते दुसऱ्या खेपेस, आणि तिथे माझी खरी शिकवणी झाली. अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांचे हे बळकट ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्याच्यावर चाल केली आणि दोघेही हात हलवीत परतले. ओहोटीला या किल्ल्यात पायी जाता येते, भरतीला तो बेट होतो. ही गोष्ट मी वर्गात उपमा म्हणून अनेकदा वापरली आहे. मात्र ओहोटी किती वाजता असते, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही वाळू तुडवीत किल्ल्यात गेलो. वाटेत पाणी जेमतेम घोट्याइतके. दरवाज्यापाशी अण्णा बोटे मोडीत पुटपुटले, "आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी. पाचच्या आत बाहेर पडायचं." मी हसलो. हे कोणते गणित, म्हणून विचारले. ते म्हणाले, "आई सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते."

वाचकहो, हे गणित आपण करून पाहा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एकत्र पडते, तेव्हा पाणी सर्वांत उंच चढते आणि सर्वांत खाली उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना काटकोनात येते आणि पाण्याची चढउतार मंदावते. तो भांग. 'उधाण' आणि 'भांग' हे दोन्ही शब्द मी शब्दसंग्रहाच्या प्रश्नपत्रिकेत विचारलेले आहेत. प्रत्येकी एक गुण.

किल्ला पाहण्यासारखा आहेच. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ, चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर, उत्तरेकडे चाकाच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा. पाच वाजले तसे अण्णा उठले. पण सूर्य अजून वर होता, सौभाग्यवतींना सूर्यास्त पाहायचा होता, आणि मला अण्णांचे ते बोटांवरचे गणित काही पटले नव्हते. "अजून अर्धा तास," असे मी तीन वेळा म्हणालो. पहारेकऱ्याने शिटी वाजवली तेव्हा आम्ही दरवाज्यातून बाहेर आलो. समोर वाळू नव्हती. पाणी होते.

प्रवाशांना ने-आण करणाऱ्या घोडागाड्या केव्हाच पलीकडे गेल्या होत्या. मी चिरंजीवांना खांद्यावर घेतले आणि अण्णांचा हात धरून निघालो. मध्यावर पाणी कमरेला लागले. पायांखालची वाळू सरकत होती आणि लाट डाव्या अंगाने रेटत होती. अण्णांचा हात गार पडला होता. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला तर त्याहूनही बोलवेना. मग पलीकडून एक घोडागाडीवाला आम्हांला पाहून गाडी घेऊन परत आला. घोड्याच्या पोटाला पाणी लागत होते. त्याने आधी अण्णांना वर घेतले, मग मुलाला. किनाऱ्यावर आल्यावर माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "शिकलेली माणसं ना तुम्ही?"

त्या रात्री मुक्कामाच्या घरी ओले कपडे दोरीवर टाकताना मला आजीचे वाक्य आठवले. आवस होती. १७ जुलै १९४७ हा दिवस आषाढी अमावास्येला लागून होता. म्हणजे उधाणाचे पाणी आणि वर आषाढाचा वारा. आजी अपशकुन सांगत नव्हती. ती पाण्याची अवस्था सांगत होती. समुद्रकाठी वाढलेल्या मुलीने एका शब्दात दिलेला तो पुरा अहवाल होता, आणि मी तो लोकसमजूत म्हणून व्याख्यानात वाचून दाखवला होता.

त्यानंतरच्या सहलींना आम्ही निमूटपणे अण्णांच्या पंचांगाप्रमाणे जाऊ लागलो. किहीमची सुरूची बने पाहिली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो याच किहीमला. जवळच्या नवगावला बेने इस्रायल समाजाचे जुने स्मारकस्थान आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' नाव पडले. या किनाऱ्यावर शनिवार खऱ्या अर्थाने पाळला तो त्यांनी. आम्ही आपले शनिवारी फक्त गर्दी करतो.

थळला मात्र पुन्हा एकदा माझी परीक्षा झाली. थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. खांदेरीला जायचे असे ठरवून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही किनाऱ्यावर हजर झालो. आदल्या दिवशी होडी ठरवली होती. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा दिसत होता. तांडेल जाळे बाजूला ठेवून उठला, बराच वेळ समोर पाहत राहिला आणि म्हणाला, "आज नाय, मास्तर."

मी कारण विचारले. त्याने बोट केले. "उंदेरीच्या पायाशी पांढरं दिसतंय ना? तिथं एवढं, म्हंजी खांदेरीच्या धक्क्याला होडी लागायची नाय. जाताना न्हेईन, पण येताना आणता येल का, ते सांगता येत नाय."

मला काही विशेष पांढरे दिसत नव्हते. सुट्टी वाया चालली होती, पुढचे दोन आठवडे परीक्षांचे होते. मी पैसे वाढवून देऊ केले. तो हसलाही नाही. त्याची त्या दिवसाची कमाई बुडत होती, माझी नुसती हौस बुडत होती. तरी हटून बसलो होतो मी. शेवटी अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तो नाही म्हणाला ना? मग नाही." आणि परत वळताना, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "त्या दिवशी धक्क्यावर कोणी असं म्हणालं असतं तर मामा असता."

त्या दिवशी दुपारी वारा वाढला का? खांदेरीला होडी खरोखर लागली नसती का? मला ठाऊक नाही. आम्ही गेलो नाही, त्यामुळे काही घडले नाही. त्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ज्याने 'हो' म्हटले त्याचा शहाणपणा किंवा मूर्खपणा जगाला दिसतो. वेळेवर 'नाही' म्हणणाऱ्याच्या पदरात मात्र काहीच पडत नाही. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळतच नाही. तो उलट सुट्टी फुकट गेली म्हणून कुरकुरत घरी जातो. असे किती तांडेल या किनाऱ्यावर किती जणांना किती वेळा नाही म्हणाले असतील आणि किती जणांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या असतील!

एप्रिलमध्ये त्याच तांडेलाने आम्हांला खांदेरीवर नेले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने तो थांबवण्यासाठी आरमारे आणली. मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्री किनाऱ्यालगतच्या खाड्यांतून निघत आणि बेटावर सामान पोचवीत. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत उभी असत. ज्याला पाणी कळत होते, त्याचा किल्ला उभा राहिला. बेटावर १८६७ सालचा दीपस्तंभ आहे, आणि कोळ्यांच्या वेताळाचे देऊळ आहे. आणखी एक शिळा आहे. दगडाने ठोकली की भांड्यासारखी वाजते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीही आहे. तांडेलाला मी हे कौतुकाने सांगितले. तो म्हणाला, "बरं झालं," आणि आधी वेताळापुढे नारळ फोडला.

गेल्या मार्गशीर्षात अण्णांनी आपणहून सांगितले, "या वेळी भाऊच्या धक्क्यावरून. रेवसच्या लाँचीने." आता तिथून मोटारी पोटात घेऊन मांडव्याला जाणारे मोठे जहाजही २०२० सालापासून सुटते, पण अण्णांना ते नको होते. तिथी त्यांनीच निवडली. अष्टमी. "सहाला भरती. रेवसला गाळ फार, ओहोटीला लाँची अडतात. सकाळच्या लाँचीला पाणी पुरेल. आणि भांगाचं पाणी, शांत असेल."

लाँचीत टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, डुलक्या काढणारे चाकरमाने होते, एक नवे जोडपे होते. इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास. अर्ध्या वाटेवर अण्णांनी खलाशाला जवळ बोलावले आणि विचारले, "काशाचा खडक कुठं?" त्याने हनुवटीने दाखवले. तिथे काही नव्हते. पाणी होते, आणि त्यावर सकाळचे ऊन. अण्णा पाहत राहिले. मी वाट पाहत होतो, की ते हात जोडतील, नारळ काढतील, काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त घड्याळ पाहिले.

रेवसच्या धक्क्यावर उतरून आम्ही टपरीवर चहा घेतला. अण्णांनी पुन्हा घड्याळ पाहिले आणि पेला खाली ठेवला.

"एवढंच अंतर होतं?" ते म्हणाले. "आई एवढ्यासाठी पेणवरून जायची?"

कोणी काही बोलले नाही. चिरंजीव धक्क्यावर खेकडे मोजीत होते. थोड्या वेळाने अण्णांनी पिशवीतून पंचांग काढले, चष्मा चढवला आणि पुढचा महिना उघडला. मी माझ्या मोबाईलवरची दिनदर्शिका पाहून एक शनिवार सुचवला. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, दुसऱ्या दिवशीही मोकळीक होती, सगळे जमून येत होते.

"तो नको," अण्णा बोट तिथीवर ठेवून म्हणाले. "आवस आहे."

मी तो शनिवार खोडला.